लाल पाण्याची लीडर

मीठ धरताना कोणाला दिसत नाही. सकाळी बघावं तर मिठागराच्या वाफ्यात नुसतं पाणी, दुपारी बघावं तरी पाणी, आणि एके दिवशी फळी घेऊन उतरावं तर पायाखाली करकर! या गोष्टींचंही तसंच झालं. मी काही त्या जमवायला गेलो नव्हतो. पाच वर्षं आमच्या लॅबमध्ये बाटल्या धुतल्या, पाणी आणलं, चहा केला, आणि एका दुपारी तिथली विद्यार्थिनी सायली म्हणाली, "आबा, एवढं सगळं तुमच्या डोक्यात आहे, लिहून तरी ठेवा."

मी म्हटलं, "बाय, मी शालेत गेलेलो नाय. अक्षरं शिकलो ती नातवाच्या शेजारी बसून."

ती म्हणाली, "मग तर बरंच. छोटी छोटी वाक्यं लिहाल. आमच्यासारखं पानभर लांबवणार नाही!"

तर आधी लॅब कसली ते सांगतो. लॅब निलिमा मॅडमची. त्या उमेळे गावच्या. परदेशात शिकून परत आल्या, आणि वसईतल्या एका संस्थेनं त्यांना तिसऱ्या मजल्यावर एक खोली दिली, एक मोठा मायक्रोस्कोप दिला आणि पाच वर्षं दिली. पदाचं नाव ज्युनियर ग्रुप लीडर. काम जिवंत पेशींच्या फिजिक्सचं. म्हणजे पेशी फुगते कशी, आकसते कशी, तिच्यावर ताण कुठे येतो, आणि एवढं सगळं होऊनही ती फुटत का नाही!

पाच वर्षं संपली की बाहेरून कमिटी येणार. काम पसंत पडलं तर गट पुढे चालणार. नाही पडलं तर खोलीला कुलूप, मायक्रोस्कोप दुसऱ्याला, आणि मुलं जिकडे जागा मिळेल तिकडे. हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत होतं. मॅडम मोठ्यानं कधी बोलल्या नाहीत. पण कॅलेंडर बदलायचं काम माझ्याकडे होतं, आणि दर जानेवारीला नवीन कॅलेंडर लावताना त्या खोलीबाहेर जाऊन उभ्या राहायच्या.

*

गटातला पहिला माणूस मी. कसा, ते ऐका.

मी जूचंद्रचा. उभा जन्म मिठागरात गेला. उन्हं कडक झाली की वाफ्यातलं पाणी लालसर होतं, मग समजायचं की आता मीठ धरणार. त्या दिवसांत एक बाई टोपी घालून, हातात काचेच्या बाटल्या घेऊन बांधावरून तोल सांभाळत आल्या.

"आबा, थोडं लाल पाणी मिळेल?"

लोक मिठागरात मीठ मागायला येतात. पाणी मागणारी ही पहिलीच. मी विचारलं, "कालचं पायजे का आजचं?"

बाई थांबल्या. "कालचं आणि आजचं वेगळं असतं?"

"कालचं जास्त लाल. त्या कोपऱ्यातलं. हे अजून कच्चं हाय."

त्या तिथेच बांधावर बसल्या आणि मला तासभर विचारत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "आबा, हे पाणी लाल नाही. या पाण्यात बारीक जीव आहेत, ते लाल आहेत. लाखो असतील."

मी माझ्या पायांकडे बघितलं. "चाळीस वर्सं मी त्यांच्यावर पाय देऊन चाललो. कोन काय बोललंच नाय!"

मॅडम हसल्या. मिठागराचं काम तसंही आटत चाललं होतं. पावसाळ्यानंतर त्यांनी मला लॅबमध्ये बोलावलं आणि मायक्रोस्कोपला डोळा लावायला सांगितलं. आत एक थेंब, त्यात पन्नास-साठ जीव, प्रत्येकाला पुढे दोन दोन शेपट्या, आणि सगळे घाईत!

"कुटं चाललेत?" मी विचारलं.

मॅडम म्हणाल्या, "तेच शोधायला मला पाच वर्षं दिली आहेत."

*

लाल पाणी आणायचं काम माझ्याकडे आलं. जूचंद्रहून कॅन घेऊन रिक्षानं यायचं. एकदा नायगावच्या नाक्यावर ट्रॅफिकच्या पोलिसानं रिक्षा अडवली. कॅन बघितला. रंग बघितला.

"काका, यात काय आहे?"

"जीव हायेत."

"काय?"

"जिवंत जीव. लॅबला नेतोय."

तो जरा मागे सरकला. "किती आहेत?"

मी खरं तेच सांगितलं. "मोजायचं काम चालू हाय, सायब."

त्यानं रिक्षावाल्याला हातानंच पुढे जायला सांगितलं!

*

मॅडम लीडर झाल्या ही बातमी उमेळ्यात पोचली, तेव्हा मोठी गंमत झाली. गावातल्या पोरांनी 'ज्युनियर' गाळलं, 'ग्रुप' गाळलं, आणि 'लीडर' तेवढं ठेवलं. आपल्याकडे लीडर म्हटल्यावर नाक्यावर बॅनर लागायला नको?

लागला! वर मॅडमचा पासपोर्टचा फोटो, पण खाली हात जोडलेलं धड दुसऱ्याच कोणाचं तरी, भरजरी साडीतलं. बाजूला अकरा पोरं, त्यातली नऊ गॉगलमध्ये. आणि मजकूर: 'उमेळे गावची कन्या, लीडर डॉ. निलिमाताई यांचे पाण्यातील कार्याबद्दल हार्दिक अभिनंदन!'

तिसऱ्या दिवशी लॅबच्या दारात सहा बायका उभ्या. गावात वाड्या तोडून नवीन बिल्डिंगी झाल्यात, तिथल्या. एकीच्या हातात रिकामी कळशी, पुरावा म्हणून.

"मॅडम, हमारे बिल्डिंगला चार दिवस झाले पाणी नाही. बॅनर बघितला, म्हटलं आता तुम्हीच बोला कोणाशी तरी."

मॅडम गोंधळल्या. "अहो, मी त्या पाण्याची लीडर नाहीये."

"मग कुठल्या पाण्याची?"

"खाऱ्या."

कळशीवाली खुश झाली. "तेच तर! बोअरला तेच येतं आमच्याकडे!"

आता काय बोलणार? दुसरं कोणी असतं तर बायकांना जिना दाखवला असता. मॅडमनी त्यांना बसवलं. बोअरचं पाणी मागवून घेतलं, त्यातलं मीठ मोजलं, आकडा लिहिला, आणि पालिकेला पाठवायला एक पानाचा अर्ज स्वतः लिहून दिला. बायकांनी सह्या केल्या.

जाताना कळशीवाली दुसरीला जिन्यात सांगत होती, "ही ठीक वाटते. मागच्या लीडरनं एवढं पण लिहून दिलं नव्हतं!"

*

माझ्या अनुभवाची गोष्ट पण सांगितली पाहिजे. नाहीतर तुम्ही म्हणाल, आबा दुसऱ्यांच्याच सांगतो.

मिठाच्या पाण्याच्या पाच बाटल्या होत्या, कमी खाऱ्यापासून जास्त खाऱ्यापर्यंत. सायलीनं त्या बाहेरून ओल्या फडक्यानं पुसल्या आणि वरची नावंही पुसली गेली. सायली फुलपाड्याची, गटातली पहिली विद्यार्थिनी, हुशार, पण घाबरट. डोळ्यांत पाणी घेऊन बसली. मशीनवर मोजायचं तर मशीन दुरुस्तीला गेलेलं.

मी म्हटलं, "रडू नको. चाखून सांगतो."

मॅडम आतून ओरडल्या, "आबा! लॅबमध्ये काहीही चाखायचं नाही!"

"बरं. नाय चाखत. बोटावर बघतो."

मिठागरात पाणी किती तयार झालंय ते असंच बघतात. बोट बुडवायचं, वाऱ्यावर धरायचं, आणि सुकल्यावर पांढरं किती धरलं त्यावरून ओळखायचं. मी पाच बोटं पाच बाटल्यांत बुडवली. सगळे माझ्या हाताभोवती जमले. मी बाटल्या ओळीनं लावल्या, मागे सरकलो, आणि म्हटलं, "लिवून घे."

दोन दिवसांनी मशीन आलं. पाचातल्या चार चुकलेल्या!

कोणी हसलं नाही. नेल्सन, गटातला दुसरा विद्यार्थी, तो तर खाली बघत राहिला. मॅडमनी वर भिंतीकडे बघितलं, मग माझ्या बोटांकडे, आणि शांतपणे म्हणाल्या, "आबा, इथे एसी आहे."

चाळीस वर्षांचा अनुभव, एसीत गेला!

*

या नेल्सनबद्दल सांगायचं तर हा पाचूबंदरचा. वडलांची मच्छीमारीची बोट. बोलायला कमी, हाताला चांगला. पण पहिले दोन महिने त्याला मायक्रोस्कोपला हातच लावायला मिळाला नाही. मॅडमचं असं होतं की नवीन नवीन गट, महागाची वस्तू, काही बिघडलं तर कमिटीला काय दाखवणार? म्हणून सगळं स्वतः करायच्या. फोकस स्वतः, फोटो स्वतः. मुलं दोन्ही बाजूला उभी, लग्नातल्या करवल्यांसारखी. मॅडमच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

एक दिवस नेल्सनचे वडील आले. पिशवीत ओले बोंबील. मॅडमच्या हातात पिशवी दिली. आता लॅबच्या फ्रीजमध्ये खाण्याचं काही ठेवायचं नाही हा नियम मॅडमचाच, आणि खाली ठेवली तर पाहुण्याचा अपमान. म्हणून त्या सगळा वेळ पिशवी हातात धरून उभ्या!

वडलांनी लेकाकडे बघितलं. "पोऱ्या काय करतो, मॅडम?"

"शिकतोय. बघतोय."

"बघतोय? दोन महिने?" ते जरा विचारात पडले. "आमच्याकडं तो बोट चालवतो."

"हो का? आणि तुम्ही?"

"मी झोपतो." मग मोठ्या काळजीनं त्यांनी विचारलं, "तुमी झोपत नाय का, मॅडम?"

मॅडमच्या हातातल्या पिशवीतून पाणी ठिपकत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता त्यांच्या केबिनचं दार बंद, आणि दारावर चिठ्ठी: 'मी झोपले आहे. मायक्रोस्कोप तुम्ही चालवा.' काचेतून दिसत होतं की त्या जाग्याच आहेत, टेबलाशी बसून नखं कुरतडतायत. पण बाहेर आल्या नाहीत. पाच वाजेपर्यंत नाही! आत चहा द्यायला गेलो तर पहिला प्रश्न, "आवाज कसला आला मघाशी?"

"स्टूल पडला."

"नक्की स्टूलच?"

ती चिठ्ठी आठवडाभर दारावर होती. मधे संस्थेचे एक मोठे साहेब काही कामासाठी आले. दारापाशी थांबले, चष्मा लावून चिठ्ठी वाचली, आणि चवड्यांवर चालत परत गेले!

*

त्या लाल जिवांना लॅबमध्ये वाढवायचं तर त्यांना दिवस-रात्र लागते. कपाटात ट्यूबलाइट लावलेली, बारा तास चालू, बारा तास बंद, आपोआप.

एका रविवारी मी सहज चक्कर मारायला गेलो. लॅबमध्ये चिटपाखरू नाही, आणि कपाटात भर दिवसा दिवे जळतायत! मी म्हटलं, पोरं विसरली. बटन बंद केलं, कपाट पुसलं, आणि समाधानानं घरी आलो.

सोमवारी सायलीचा आवाज जिन्यात ऐकू आला. एक अख्खा दिवस जीव अंधारात होते. तीन आठवड्यांचं मोजमाप, त्याच्या मधोमध हा खड्डा.

मी मॅडमसमोर जाऊन उभा राहिलो. "मॅडम, ते मी केलं. मना कामावरून काढा."

मॅडमनी वही उघडली. त्या दिवसाच्या पानावर, जिथे तापमान आणि उजेड लिहितात, तिथे त्यांनी लिहिलं: 'रविवार. अंधार. कारण: आबा.' मग पेन माझ्या हातात दिलं. "सही करा."

मी सही केली. तेव्हा नुकती शिकलो होतो.

मॅडम मुलांना म्हणाल्या, "जे झालं ते लिहायचं. खोडायचं नाही, लपवायचं नाही. पुढचं सुरू करा."

त्या मोजमापाचा ग्राफ पुढे भिंतीवर लागला. चढत चढत जाणारी रेघ, मधे एकदम खड्डा, परत चढ. लॅबमध्ये त्या खड्ड्याला 'आबा' म्हणतात. नवीन कोणी आलं की सायली बोट ठेवून दाखवते, "हे आबा." आणि मग माझ्याकडे वळून, "आणि हे पण आबा!"

तुम्हाला वाटेल, या अंधारातून मोठा शोध लागला असेल. गोष्टींत तसं होतं. इथे काही लागला नाही. नुसता खड्डा!

*

आता जरा सावकाश सांगतो, कारण इथे सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता.

या लाल जिवाला कवच नाही. नुसती पातळ कातडी. वाफ्यात एकदम गोडं पाणी आलं की ते आत शिरतं आणि जीव फुगतो. मग फुटत का नाही? तिसऱ्या वर्षी मॅडमनी शोधून काढलं की कातडीला बारीक घड्या असतात. पाणी आत आलं की घड्या उघडतात. साडीच्या निऱ्या सोडल्यासारख्या. ते छापून आलं, लोकांनी वाखाणलं. कमिटीला दाखवायचं म्हणजे हेच. सगळी इमारत या घड्यांवर उभी.

कमिटी यायला चार महिने असताना सायली मोरीपाशी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मी बाटल्या धूत होतो.

"आबा, मॅडमचं चुकलंय."

"काय?"

"घड्या नाहीयेत. मी मोजलं. आपण जीव काचेवर ठेवतो ना, तेव्हा काचेमुळे घड्या पडतात. पाण्यात मोकळा असताना नसतात. आत दोऱ्यांचं जाळं आहे, ते त्याला धरून ठेवतं." तिनं मागे वळून केबिनकडे बघितलं. "तीन आठवडे झाले, मी कोणाला सांगितलं नाही. आता सांगितलं तर कमिटीपुढे काय राहील? आणि नाही सांगितलं तर..."

मला काय समजणार त्यात? मी म्हटलं, "ही बाटली पुस."

तिनं पुसली. मी दुसरी दिली. तीही पुसली. अशा अकरा बाटल्या झाल्या. बारावी माझ्या हातातच राहिली. सायली केबिनकडे निघाली होती.

दार बंद झालं. अर्ध्या तासानं मॅडम बाहेर आल्या, थेट मायक्रोस्कोपवर बसल्या. "परत कर, माझ्यासमोर."

सायलीनं केलं.

"परत."

परत केलं.

"आता नेल्सन करेल. तू हात लावू नकोस."

नेल्सननं केलं. तिन्ही वेळा तेच. मॅडम पडद्याकडे बघत राहिल्या. त्यांचा चेहरा कसा झाला होता ते मी सांगणार नाही, ते त्यांचं त्यांच्यापाशी. मग उठल्या, आणि पर्समधून पाकीट काढून माझ्याकडे आल्या.

"आबा, पेढे आणा. अर्धा किलो."

मी खाली गेलो. दुकानदार ओळखीचा. पेढे तोलता तोलता खुशीत विचारतो, "काय आबा, कसले पेढे?"

मी म्हटलं, "आमच्या मॅडमचं चुकलं, त्याचे!"

*

आणि मग कमिटी आली.

तीन माणसं. दोन बाहेरच्या राज्यांतली, आणि अध्यक्ष आपले मराठी, उंच, पांढऱ्या मिशा, शर्टाच्या खिशात जाड पेन. मी चहाचा ट्रे घेऊन दाराशी. सगळं इंग्रजीत चाललं होतं, पण मॅडम काय बोलणार ते मला माहीत होतं, कारण आठवडाभर त्या लॅबमध्ये मोठ्यानं पाठ करत होत्या, आणि सायली मला त्याचा अर्थ सांगत होती.

आदल्या दिवशी संस्थेतल्या एका जाणत्या माणसानं त्यांना सुचवलंही होतं, की सायलीचं काम अजून छापून आलेलं नाही, तर ते या वेळी मागेच ठेवा. घड्या दाखवा, वर्षं मिळवा, मग काय ते सांगा. मॅडमनी त्यांना चहा पाजला आणि पाठवून दिलं.

तर मॅडम उभ्या राहिल्या. पडद्यावर घड्यांचं ते सुंदर चित्र आलं. दोन मिनिटं बोलल्या. मग त्याच चित्रावर मोठी लाल फुली आली. "हे माझं काम. हे चूक आहे. का चूक आहे ते ज्यांनी शोधलं त्या सांगतील." आणि मॅडम मागच्या रांगेत जाऊन बसल्या, माझ्याजवळ. त्यांच्या हातातला रुमाल पिळून पिळून दोरी झाला होता.

सायली बोलली. जाळं दाखवलं, आकडे दाखवले. प्रश्न आले, तिनं उत्तरं दिली. बाहेरच्या दोघांनी एकमेकांच्या कानात काहीतरी सांगितलं.

अध्यक्ष खुर्चीत मागे रेलले. मॅडमकडे वळून मराठीत बोलले, म्हणून मला स्वच्छ ऐकू आलं.

"तुमच्या गटानं पाच वर्षांत एक निष्कर्ष काढला आणि एक खोडला. म्हणजे हातात राहिलं काय? ही मुलगी तर आता डॉक्टरेट घेऊन जाईल. मग हा गट पुढे कशासाठी चालवायचा?"

मी ट्रे खाली ठेवला. मॅडम उठायला गेल्या.

त्यांच्या आधी नेल्सन उठला. नेल्सन! पाच वर्षांत मीटिंगमध्ये ज्यानं मनानं कधी तोंड उघडलं नाही, तो. आणि घाबरला की याचं इंग्रजी जातं, पुस्तकातलं मराठी पण जातं, उरतं ते नुसतं पाचूबंदर.

"सर, सायलीचंपन चुकलंय."

सायली अशी गर्रकन वळली की खुर्ची करकरली. "नेल्सन!"

"ते दोऱ्यांचं जालं हाय, सर. ते बरोबर. पन ते धरून नाय ठेवत. पानी आत आलं का ते तुटतं. आनि लगेच परत सांधलं जातं. परत तुटतं, परत सांधतं. म्हनून जीव वाचतो. मी परवा बघितला."

"परवा?" अध्यक्ष पुढे झुकले. "तुमच्या मॅडमना हे माहीत आहे?"

"नाय, सर. एकदाच दिसला. आमच्याकडं तीनदा दिसल्याबिगर बोलत नाय."

"मग आता का बोललास?"

"तुमी कुलूप लावाल म्हनून."

बाहेरच्या दोघांपैकी एकानं हळूच विचारलं, मुलगा काय म्हणतोय? कोणी उत्तर दिलं नाही.

अध्यक्ष म्हणाले, "बरं. हे खरं की खोटं, ते बघायला तुला किती वेळ लागेल?"

नेल्सननं मॅडमकडे बघितलं. मॅडमनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. मग त्यानं सायलीकडे बघितलं. सायली रागानं लाल झालेली. त्यानं छताकडे बघत मनातल्या मनात काहीतरी हिशेब केला, चांगला मिनिटभर, आणि अगदी प्रामाणिकपणे सांगितलं,

"पाच वर्सं, सर."

"बस खाली," अध्यक्ष मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले, आणि सहीसाठी त्यांनी पेनाचं टोपण काढलं.